फ्लोरिडा गेटर्सचा क्वार्टरबॅक प्रश्न

टिम टिबो टीममधून गेल्यावर गेन्सव्हिलच्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमला, म्हणजे गेटर्सना, साधारण दहा वर्षं भरवशाचा क्वार्टरबॅक (पास टाकून हल्ला चालवणारा खेळाडू) घडवता आला नाही, त्या काळाबद्दलची ही नोंद. याच टीमच्या क्वार्टरबॅकांनी तीन हाइजमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) आणल्यात (स्टीव्ह स्पुरियर १९६६, डॅनी वर्फेल १९९६, टिबो २००७), त्यामुळे हा दुष्काळ जास्तच डोळ्यात येतो.

सुरुवात कधी धरायची यावर एकमत नाही. बहुतेक जण २०१० धरतात, कारण टिबोचा शेवटचा सीझन २००९ चा. काही जण थोडं मागे जातात: टिबोमागे बेंचवर बसलेला कॅम न्यूटन २००८ नंतर निघून गेला, टेक्सासच्या ब्लिन ज्युनिअर कॉलेजमार्गे ऑबर्नला पोचला आणि २०१० मध्ये हाइजमन आणि राष्ट्रीय विजेतेपद दोन्ही घेऊन बसला. तिसरं मत असं की हेड कोच अर्बन मायरची सिस्टिम पळणाऱ्या क्वार्टरबॅकसाठी होती आणि टिबोनंतरचा जॉन ब्रॅन्टली पॉकेटमध्ये (आपल्या खेळाडूंच्या आडोशाला) उभा राहून पास टाकणारा, म्हणजे गडबड माणसात नाही, जुळणीत. हेच जास्त पटतं, कारण पुढेही जुळणी सारखी मोडत राहिली. मायरनंतर हेड कोच झालेल्या विल मुशॅम्पच्या चार सीझनमध्ये (२०११-१४) ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (हल्ल्याचे कोच) तीन झाले, वाइस, पीज, रोपर, आता पोरांनी शिकायचं तरी कोणाचं? २०१२ मध्ये ११ मॅच जिंकल्या खऱ्या, पण त्या मुख्यतः डिफेन्सच्या जोरावर. २०१३ मध्ये क्वार्टरबॅक जेफ ड्रिस्कलचा पाय मोडला आणि टीम ४-८ वर (४ जिंकल्या, ८ हरल्या) आपटली, त्यात जॉर्जिया सदर्न एकही पास पूर्ण न करता गेन्सव्हिलमध्ये येऊन २६-२० ने हरवून गेली.

टॅलेंट नव्हतं म्हणावं तर क्वार्टरबॅक जकोबी ब्रिसेट इथून नॉर्थ कॅरोलायना स्टेटला गेला, ड्रिस्कल लुइझियाना टेकला, आणि २०१६ च्या ड्राफ्टमध्ये (प्रोफेशनल लीग NFL च्या टीम्स खेळाडू निवडतात तो) दोघंही निवडले गेले. विल ग्रिअर २०१५ मध्ये सहाच्या सहा मॅच जिंकून बसला होता, मग बंदी असलेल्या पदार्थासाठी सस्पेंड झाला आणि नंतर वेस्ट व्हर्जिनियाला गेला.

दुष्काळ संपला तो काइल ट्रास्कमुळे, असं साधारणपणे मानतात. हायस्कूलमध्येही राखीव असलेला हा पोरगा सप्टेंबर २०१९ मध्ये केंटकीविरुद्ध तेव्हाचा क्वार्टरबॅक फेलिपे फ्रँक्स जखमी झाल्यावर मैदानात उतरला आणि २०२० मध्ये त्याने ४३ टचडाउन पास टाकले. नंतर अँथनी रिचर्डसन २०२३ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला गेला, पण त्याच्या २०२२ च्या सीझनमध्ये टीम ६-७ वरच राहिली. त्याच्यानंतरचा ग्रॅहम मर्ट्झ विस्कॉन्सिनहून खेळून आलेला, त्याला या हिशोबात धरायचं का हा वाद आहेच.