राजदंडापासून खांद्यावरच्या मेंढरापर्यंत

‘मेंढपाळ’ ही उपमा मुळात राजाची. इसवी सनापूर्वी सुमारे 1750 मध्ये बाबेलचा (बॅबिलॉनचा) राजा हम्मुराबी आपल्या कायद्याच्या प्रस्तावनेत स्वतःला प्रजेचा मेंढपाळ म्हणवतो. मिसरच्या (इजिप्तच्या) फारो राजांच्या हातातली आकडीही मेंढपाळाचीच. इस्राएलात ही उपमा परमेश्वराकडे गेली आणि राजांना तिचा जाब द्यावा लागला. बाबेलच्या बंदिवासात असलेला यहेज्केल संदेष्टा बायबलमधल्या आपल्या पुस्तकाच्या 34 व्या अध्यायात राज्यकर्त्यांना थेट विचारतो: तुम्ही चरबी खाल्लीत, लोकर पांघरलीत, पण हरवलेल्याला शोधायला कोण गेलं? पुढे परमेश्वर म्हणतो की आता माझी मेंढरं मी स्वतः शोधीन. मला वाटतं, येशूचं बोलणं समजायला हा अध्याय आधी वाचावाच लागतो.

योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, (अध्याय 10) येशू ‘मी उत्तम मेंढपाळ आहे’ म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या कानात यहेज्केल असणार. पण तो आणखी पुढे जातो. लांडगा आला की मोलकरी, म्हणजे मजुरीवर ठेवलेला राखणदार, पळतो, कारण मेंढरं त्याची नसतात. उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी आपला प्राण देतो. आता जीव मेंढराचा नाही, मेंढपाळाचा जातो. लूकच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायातला मेंढपाळ 99 मेंढरं रानात ठेवून एकासाठी निघतो आणि सापडलेलं मेंढरू आनंदाने खांद्यावर घेतो. त्याला रागावल्याचं कुठेही लिहिलेलं नाही.

हेच खांद्यावरचं मेंढरू रोममधल्या भुयारी दफनभूमींत भेटतं. प्रिस्किल्ला आणि कॅलिक्स्टस इथल्या तिसऱ्या शतकातल्या चित्रांत मेंढपाळ म्हणजे बिनदाढीचा, आखूड अंगरखा घातलेला तरुण आहे. खांद्यावर मेंढा घेतलेली आकृती ग्रीक-रोमन कलेत आधीपासून होती. ख्रिस्ती लोकांनी ती आपली केली. क्रुसावरचा येशू तेव्हा क्वचितच रंगवला जाई, पण आपल्या माणसाला जिथे पुरलं तिथे त्यांना मेंढपाळ हवा होता. पाचव्या शतकात इटलीतल्या राव्हेन्ना शहरात, गाल्ला प्लासिदिया या रोमन सम्राज्ञीच्या नावाच्या समाधिगृहात तोच मेंढपाळ सोनेरी वस्त्रात बसलेला दिसतो आणि त्याच्या हातात काठीऐवजी क्रूस आहे. तोवर रोमन साम्राज्य ख्रिस्ती झालं होतं.

मंडळीच्या (चर्चच्या) सेवकाला ‘पास्टर’ म्हणतात तो लॅटिनमधला मेंढपाळच, आणि मराठीतला ‘पाळक’ त्याच कुळातला. बिशपांची आकडी असलेली काठीही मेंढपाळाचीच खूण मानतात.

तरीही विश्वासी माणूस अडचणीत आधी वळतो तो बायबलमधल्या 23 व्या स्तोत्राकडे. त्याची सुरुवात ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ अशी, म्हणजे देवाविषयी. तो हिरव्या कुरणांत बसवतो, तो संथ पाण्यावर नेतो. पण वाट मृत्युछायेच्या दरीत उतरते आणि चौथ्या ओवीत ‘तो’चा ‘तू’ होतो: ‘तू माझ्याबरोबर आहेस.’ मरणाच्या खाटेशी हे स्तोत्र वाचतात, तेव्हा आवाज याच शब्दावर थबकतो.