गुरुजींच्या स्मरणार्थ ट्रायो : एका परंपरेची पार्श्वभूमी

येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अमळनेर येथे, गुरुजींच्या राहत्या घरातील बैठकीच्या खोलीत, त्यांचे आम्ही तीन विद्यार्थी त्यांच्या स्मरणार्थ रचलेला एक ट्रायो वाजवणार आहोत. दोन व्हायोलिन आणि एक हार्मोनियम एवढाच त्याचा साज आहे. गुरूच्या पुण्यतिथीला गाणे-वाजवणे आपल्याकडे नवे नाही. सवाई गंधर्वांचे १९५२ मध्ये निधन झाल्यावर पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून पुण्यात सुरू केलेला महोत्सव सर्वांच्या माहितीचा आहे. परंतु गुरूसाठी मोजक्या वाद्यांची, पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत लिहून काढलेली स्वतंत्र रचना करणे ही युरोपातील रीत आहे, आणि ती आम्ही का स्वीकारली हे श्रोत्यांना आधी ठाऊक असावे, यासाठी ही पार्श्वभूमी लिहीत आहे.

अशा रचनांना तिकडे चेंबर म्युझिक म्हणतात. चेंबर म्युझिक म्हणजे लहान दालनात, मोजक्या वादकांनी, प्रत्येक वाद्यओळीला एकच वादक ठेवून वाजवायचे संगीत. समोर हातवारे करणारा संचालक नसतो. वादक एकमेकांच्या श्वासाकडे आणि गजाकडे लक्ष ठेवून चालतात. चारचौघांच्या खोलीत दिल्या जाणाऱ्या तालमीशी या संगीताचे जवळचे नाते आहे, आणि गुरूच्या स्मृतीसाठी संगीतकार वारंवार याच प्रकाराकडे वळले त्याचे कारणही तेच असावे, असे मला वाटते.

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये दिवंगतांसाठी रचलेल्या वाद्यसंगीताला 'तोंबो' म्हणत. या शब्दाचा अर्थ थडगे किंवा समाधी. बोरी नदीच्या पात्रातील सखाराम महाराजांची समाधी लहानपणापासून पाहणाऱ्या अमळनेरकरांना तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. मारँ मारे हा व्हिओल या गजवाद्याचा मोठा वादक होता. त्याचे गुरू सँत-कोलोंब झाडावर बांधलेल्या लाकडी खोपटात रियाज करीत आणि शिकवणे थांबल्यावरही मारे त्या खोपटाखाली लपून तो रियाज ऐकत असे, अशी आख्यायिका आहे. १७०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या दुसऱ्या व्हिओल-संग्रहात मारेने याच गुरूच्या नावाने एक तोंबो समाविष्ट केला.

पुढे रशियात या रीतीला जे रूप आले, ते आमच्या रचनेला सर्वांत जवळचे आहे. निकोलाय रुबिनस्टाइन हे पियानोवादक आणि मॉस्को संगीत विद्यालयाचे संस्थापक. त्यांनी तरुण संगीतकार चायकोव्हस्कीला १८६६ मध्ये तेथे शिकवण्यासाठी बोलावले आणि स्वतःच्या घरी ठेवून घेतले. ते रूढ अर्थाने त्याचे गुरू नव्हते, तरी त्याच्यासाठी वडीलधारे होते, आणि वडीलधाऱ्यांचा कठोरपणाही त्यांच्यात होता. १८७४ च्या अखेरीस चायकोव्हस्कीने आपला पहिला पियानो कॉन्चेर्तो, म्हणजे एकल पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, त्यांना वाजवून दाखवला तेव्हा त्यांनी तो पार मोडीत काढला. पुढे मात्र तोच कॉन्चेर्तो त्यांनी स्वतः मैफलींतून वाजवला. १८८० मध्ये नादेझ्दा फॉन मेक या आश्रयदात्रीने पियानो, व्हायोलिन आणि चेलो (व्हायोलिनच्याच जातीचे, खालच्या स्वरांचे मोठे वाद्य) यांच्यासाठी ट्रायो लिहिण्याची विनंती केली, तेव्हा या तीन वाद्यांचा मेळ आपल्या कानांना सोसवत नाही, असे चायकोव्हस्कीने तिला कळवले. मार्च १८८१ मध्ये रुबिनस्टाइन पॅरिसमध्ये वारले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रोममध्ये चायकोव्हस्की नेमका तोच मेळ घेऊन लिहायला बसला. गेलेला माणूस पियानोवादक होता, त्यामुळे पियानोला टाळून त्याचे स्मरण करणे शक्य नव्हते, असा मी याचा अर्थ लावतो. अगदी आरंभी चेलोवर येणारी व्याकूळ धून सर्वांत शेवटी अंत्ययात्रेच्या चालीने परत येते आणि पियानो मंद होत होत थांबतो. ही रचना मॉस्को विद्यालयात प्रथम वाजवली गेली ती रुबिनस्टाइन यांच्या पहिल्या पुण्यतिथीला, मार्च १८८२ मध्ये, म्हणजे आपल्या भाषेत वर्षश्राद्धाला.

६ नोव्हेंबर १८९३ रोजी चायकोव्हस्की गेला आणि त्याच दिवशी वीस वर्षांचा रशियन संगीतकार राखमानिनोव्ह याने त्याच्या स्मरणार्थ ट्रायो लिहायला घेतला. तो डिसेंबरमध्ये पुरा झाला. राखमानिनोव्हचे शिक्षक आरेन्स्की यांनी १८९४ मध्ये चायकोव्हस्कीसाठी चौघांची रचना केली. नेहमीच्या दोन व्हायोलिनांऐवजी त्यांनी एकच ठेवले आणि चेलो मात्र दोन घेतले, त्यामुळे सारा नाद खाली, काळोखाकडे झुकला. मधल्या भागासाठी त्यांनी चायकोव्हस्कीच्याच एका बालगीताची चाल घेतली.

गेलेल्याचे वाद्य किंवा गेलेल्याची चाल रचनेच्या मध्यभागी ठेवण्याची ही पद्धत आम्ही जशीच्या तशी घेतली आहे. आपल्याकडे गुरूचे स्मरण बंदिशीत गुंफलेल्या त्याच्या नावाने होते, त्याच्या गळ्यातल्या हरकतीने होते, आणि प्रत्येक बैठकीत ते नव्याने घडते. ती रीत मला प्राणप्रिय आहे. तरीही गुरुजींची एक गोष्ट त्या त्या वेळच्या स्फूर्तीवर सोपवण्याची माझी तयारी नव्हती. खानदेशच्या उन्हाळ्यात लाकूड आकसून व्हायोलिनच्या खुंट्या निसटतात. गुरुजी प्रत्येक मुलाची खुंटी काढून तिला खडू लावत, पुन्हा बसवत, मग हार्मोनियमचा षड्ज धरून ठेवायला सांगत आणि आमचीच व्हायोलिन आपल्या हातात घेऊन, गज शेवटपर्यंत ओढत, सा आणि पंचम जुळवून देत. धडा त्यानंतर सुरू होई. एखाद्या दिवशी या जुळवणीत अर्धा तास गेला तरी त्यांनी कधी घाई केल्याचे आठवत नाही.

आमचा ट्रायो या जुळवणीनेच सुरू होतो. हार्मोनियमचा षड्ज स्थिर आहे, दुसरी व्हायोलिन किंचित उतरलेली आहे आणि पहिली तिला हळूहळू वर घेते. त्यानंतर भूप रागाचे ते साधे पलटे, म्हणजे सरावाचे स्वरक्रम, येतात, ज्यांनी आमच्यापैकी प्रत्येकाचे शिक्षण सुरू झाले. तबला जाणीवपूर्वक घेतलेला नाही, कारण तालमीत लय गुरुजी पायाने धरत. शेवटच्या भागात पहिल्या व्हायोलिनची ओळ कोरी सोडली आहे. वादक गज मांडीवर ठेवून बसून राहील आणि दुसरी व्हायोलिन तेच पलटे एकटीने वाजवील.

आखाजीच्या सकाळी घरात गुरुजींच्या नावाची घागर भरली जाईल. वादन सूर्यास्तानंतर ठेवले आहे, कारण उन्हाचा ताव उतरल्यावरच खुंट्या जागेवर राहतात.