जुने सागवान (नागपूर)

पाडलेल्या वाड्या-बंगल्यांतून निघून पुन्हा वापरात येणारे इमारती लाकूड. नागपुरात महाल, इतवारीकडचे वाडे मोडले की तुळया, खांब, कडीपाटाच्या (लाकडी छताच्या) फळ्या, दारांच्या चौकटी विक्रीला येतात. सरसकट ‘सागवान’ म्हटले, तरी त्या ढिगात ऐन, बिजा, हळदू या दुसऱ्या झाडांची लाकडेही निघतात. १८६१ साली मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. लाकूड बाजारातले ‘सीपी साग’ हे नाव त्याच प्रांतावरून, म्हणजे ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’वरून आले. गडचिरोली जिल्ह्यातले आलापल्लीचे जंगल या सागासाठी प्रसिद्ध आहे.

ओळख पटवताना रंगावर जाऊ नये. चुलीचा धूर आणि तेलरंग बसले की सगळी लाकडे सारखीच काळी. तुळईचे टोक बोटभर कापावे, काप धारदार पटाशीने तासून ओला करावा. सागात वर्षाची वलये ठळक उमटतात, प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ असते. हाताला तेलकट लागते, कमावलेल्या कातड्यासारखा वास येतो. हा वास नाकात एकदा बसला की विसरत नाही. ऐन सागापेक्षा जड, त्यात काळपट रेघा. हळदू पिवळसर, बारीक पोताचा. बिज्याचा भुसा पाण्यात टाकला तर पाणी चहासारखे होते आणि उजेडात त्यावर निळसर झाक दिसते. ही परीक्षा फार सुंदर आहे.

घेण्याआधी भिंतीत गाडलेली टोके टोचणीने टोचून पाहावीत, कूज तिथून सुरू होते. कडेचे पांढरे लाकूड किडीचे खाद्य. ते सोडून उरेल तेवढाच माल धरावा.

करवत लावण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे काढावेत. डोके तुटून आत राहिलेला एक खिळा पाते बाद करतो. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये. शंभर वर्षांचे लाकूडही चिरल्यावर पुन्हा हलते, म्हणजे फुगते-आकसते. नागपूरचा मे आणि ऑगस्ट यांत हवेच्या ओलाव्याचा फरक प्रचंड. चिरलेल्या फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, काही आठवडे रचून ठेवाव्यात आणि मगच रंधा मारावा. सागाच्या तेलामुळे सरस नीट धरत नाही, म्हणून जोडण्याच्या तोंडावर पृष्ठभाग थिनरने पुसतात. जुन्या खाचा पुट्टीने बुजवू नयेत. त्याच तुळईचा तुकडा, रेषा जुळवून, ठोकून बसवावा.