बोटावर चालणारं, धक्क्यावर चालणारं

पहिल्याच गोळीला डाव्या अंगठ्याची साल गेली. चूक माझीच होती. रिव्हॉल्वर धरताना मी डावा अंगठा उजव्या हातावरून मागच्या बाजूला आडवा टाकतो, त्यानं पकड घट्ट बसते. रिव्हॉल्वरमध्ये गोळी सुटल्यावर हाताच्या वरून मागं येणारं काही नसतं, त्यामुळं वीस वर्षांत कधी काही झालं नाही. पिस्तुलात मात्र वरचा सरकता पोलादी भाग, म्हणजे स्लाइड, मागं येते, आणि वाटेतला अंगठा तिनं बाजूला सारला.

“काका, सांगितलं हुतं की नाही? ती पकड घरी ठिऊन यायची,” प्रशिक्षक पोरगा म्हणाला. त्यानं खरंच सांगितलं होतं. दोन्ही अंगठे एकाच बाजूला, एकावर एक, समोर बघत.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातला माणूस. लेथ, शेपर आणि स्प्रिंगांत आयुष्य गेलं. माझ्याकडं परवान्यावरचं कानपूरच्या सरकारी कारखान्याचं बत्तीस बोअर (हे नळीचं माप) रिव्हॉल्वर आहे. वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्वरच्या धर्तीचं, मधून मोडून उघडणारं, सहा गोळ्यांचं. आमच्या जिल्ह्याचं नेमबाजीत नाव मोठं: तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण आणलं, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला रायफलचं कांस्य घेतलं. त्यांच्यापुढं मी म्हणजे खासबागेबाहेर शेंगा खात कुस्ती बघणारा. पण यंत्र कसं चालतं याची खाज काही जात नाही. म्हणून त्या दिवशी रेंजवर, देखरेखीखाली, छोटं देशी पिस्तूल हातात घेतलं. तेही बत्तीस बोअरच.

दोन्ही बत्तीसच, तरी एकाचं काडतूस दुसऱ्याला चालत नाही. रिव्हॉल्वरच्या काडतुसाची पुंगळी, म्हणजे दारू भरलेलं धातूचं नळकांडं, सुमारे २३ मिलिमीटर लांब, बुडाला रुंद कड असलेली. त्या कडेवर ती सिलिंडरमध्ये, म्हणजे सहा घरांच्या फिरत्या चाकात, टेकून राहते. पिस्तुलाची १७ मिलिमीटरची, कड जेमतेम. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या डबीत, गोळ्या एकमेकींवर रचायच्या असतात, तिथं मोठी कड आडवी येते.

खरा फरक मात्र काडतुसात नाही. पुढची गोळी तयार करायला लागणारी ताकद कुठून येते, यात तो आहे.

रिव्हॉल्वरमध्ये ती बोटातून येते. चाप ओढला की तीच ओढ सिलिंडरला साठ अंश फिरवते, घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा हातोडा, मागं नेऊन त्याची स्प्रिंग दाबते आणि शेवटी घोडा सोडून देते. म्हणून चाप जड लागतो, चार-पाच किलोचं वजन एका बोटानं उचलल्यासारखा. घोडा आधी अंगठ्यानं मागं ओढून ठेवला तर तोच चाप एकदम हलका होतो, कारण मोठं काम अंगठ्यानं करून टाकलेलं असतं. या सगळ्या ओढीत माणूस खर्च करतो ती ऊर्जा अर्ध्या ज्यूलच्या आसपास.

पिस्तूल ही ऊर्जा गोळीकडून वळती करून घेतं. रंकाळ्यात होडीतून काठावर उडी मारून बघा (कपडे भिजायची तयारी ठेवून). तुम्ही पुढं जाता, होडी मागं सरकते. होडी तुमच्या दसपट जड असेल, तर तुमच्या वेगाच्या दहाव्या हिश्श्यानं ती मागं जाते. पिस्तुलात उडी मारणारी गोळी ४.६ ग्रॅमची आणि होडी म्हणजे स्लाइड. छोट्या पिस्तुलात ती २५० ग्रॅमच्या आसपास धरू, म्हणजे गोळीच्या चौपन्नपट. गोळी सेकंदाला २७५ मीटरनं सुटली की स्लाइड सुमारे ५ मीटरनं मागं निघते. गोळीत १७४ ज्यूल, स्लाइडमध्ये जेमतेम तीन. एवढ्या तिनांत रिकामी पुंगळी बाहेर फेकणं, घोडा उभा करणं, स्प्रिंग दाबणं आणि त्याच स्प्रिंगच्या जोरावर परत येताना नवी गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, सारणं, सगळं होतं. बोटाला उरतं फक्त घोडा सोडायचं काम.

यात मला सगळ्यात देखणा वाटतो तो एक हिशेब. या छोट्या पिस्तुलात स्लाइड आणि नळी यांना एकमेकांत अडकवणारं कुलूप नाही. आत दारू पेटून प्रचंड दाब तयार झालेला, आणि मागचं दार नुसतं लोटलेलं. मग गोळी नळीत असतानाच दार सताड उघडून गरम वायू तोंडावर का येत नाही? याला पुन्हा होडीच उत्तर देते. गोळी नळीतून साडेआठ सेंटिमीटर पुढं जाते तेवढ्या वेळात चौपन्नपट जड स्लाइड चौपन्नाव्या हिश्श्यानं मागं येते, म्हणजे दीड मिलिमीटर. पुंगळीचं बूड जाड, भरीव असतं, तेवढं बाहेर आलं तरी दाब सांभाळतं. गोळी नळीबाहेर पडते, दाब ओसरतो, आणि मिळालेल्या वेगावर स्लाइड उरलेला प्रवास करते. दाराला कडी नाही, त्याचं वजनच कडी. उसाच्या भरलेल्या ट्रॉलीला धक्का मारला तर ती हलते, पण लगेच हलत नाही, तसंच.

ही युक्ती जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराची पिस्तुलं १९०० च्या सुमारास बेल्जियमच्या एफएन कारखान्यात बनू लागली तेव्हापासून जगभर पसरली, आणि पिस्तुलाचं बत्तीस काडतूसही त्याच जोडीचं. नऊ मिलिमीटरच्या जोरदार काडतुसाला मात्र नुसतं वजन पुरत नाही, स्लाइड फारच जड करावी लागेल. तिथं नळी आणि स्लाइड सुरुवातीला अडकलेल्या राहतात आणि दाब उतरल्यावर सुटतात. आपल्याकडं नऊ मिलिमीटर सामान्य परवान्यावर मिळत नाही, त्यामुळं तो विषय इथंच सोडतो.

दुसऱ्या मॅगझिनला पिस्तूल अडकलं. पुंगळी अर्धी बाहेर, अर्धी आत. मला वाटलं हत्यारात खोट आहे. पोरगा हसला, “मनगट ढिलं सोडलासा.” हे ऐकून आधी राग आला, मग पटलं. वाइसमध्ये न आवळलेली पट्टी हॅकसॉनं कापायला गेलं तर पट्टीच पुढं-मागं होते, दात चावतच नाहीत. स्लाइडला सांगाड्याच्या, म्हणजे मुठीसकट खालच्या भागाच्या, तुलनेत मागं जायचं असतं. सांगाडाही तिच्याबरोबर मागं पळाला तर तेवढी वाट कमी पडते आणि ते तीन ज्यूल वाया जातात. पिस्तुलात माणसाचं मनगट हाच वाइस. रिव्हॉल्वरला तुमच्या मनगटाचं काही पडलेलं नसतं. ते ढिल्या हातातही फिरतं.

धक्क्याचंही असंच. कागदावर मांडलं तर माझ्या रिव्हॉल्वरची गोळी जड, ६.३५ ग्रॅमची, पण हळू, सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास. वजन गुणिले वेग केलं तर पिस्तुलाच्या जवळपासच आकडा येतो. दोन्ही हत्यारांचं वजनही फार वेगळं नाही. तरी रिव्हॉल्वर हाताला एकदाच ढकलतं आणि पिस्तूल दोनदा खुणावतं: स्लाइड मागं आपटते तेव्हा, आणि परत पुढं बसते तेव्हा. त्या दुसऱ्या टिचकीनं नळी जरा खाली लवते. ही सवय व्हायला मला पन्नास-एक गोळ्या लागतील, आणि गोळ्या काही स्वस्त नाहीत.

आवडलं का? चाप आवडला. स्लाइड ओढणं नाही आवडलं. छोटी, हलकी स्लाइड थोपवायला स्प्रिंग कडक ठेवावी लागते, आणि साठीच्या बोटांना ती जाणवते. शिवाय काडतूस फुसकं निघालं तर रिव्हॉल्वरचा चाप पुन्हा ओढला की पुढचं घर समोर येतं. पिस्तुलाचं घड्याळ तिथंच थांबतं, धक्काच नाही तर चालणार कशावर?

शेवटच्या फेरीला पाच गोळ्या भरल्या होत्या. रिव्हॉल्वर उघडलं की सहाही घरं डोळ्यांपुढं असतात, त्यामुळं मोजायची सवय नाही. पुरे वाटल्यावर थांबलो, नळी समोर ठेवून मॅगझिन काढलं आणि टेबलावर ठेवलं. रिकामं होतं. “झालं,” मी म्हणालो. पोरानं काही न बोलता पिस्तूल घेतलं, स्लाइड मागं ओढली. एक जिवंत काडतूस टेबलावर पडलं आणि घरंगळत माझ्या चष्म्याच्या डबीपाशी जाऊन थांबलं.