केसतूड: खाजतं की दुखतं?

गेल्या पावसाळ्यात माझ्या पाठीवर आणि खांद्यांवर बारीक बारीक पुळ्या आल्या, राजगिऱ्याएवढ्या, सगळ्या एकाच मापाच्या. आई म्हणाली केसतूड आहे, केस उपटला असशील. आता पाठीवरचा केस मी कसा उपटणार? पण शब्द तिचा बरोबर होता. मग नेहमीचंच, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ट्यूब आणली, एकातच स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध असलेली. चार दिवसांत खाज गायब, मी खूश, आणि दुसऱ्या आठवड्यात आधीच्या दुप्पट पुळ्या.

स्किनच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, खाजतं की दुखतं? मला वाटलं हे काय विचारतायत, दोन्ही एकच की. पण नाही.

केस जिथून उगवतो ती कातडीतली बारीक नळी असते, पिशवीसारखी. अंगभर अशा साधारण 50 लाख, त्यातल्या लाखभर डोक्यावर. तळहातावर आणि तळपायावर एकही नाही, म्हणून तिथं केसतूड कधी होत नाही. या नळीला सूज आली की फॉलिक्युलायटिस. जवळून बघितलं तर पुळीच्या बरोब्बर मधून केस बाहेर आलेला दिसतो, निम्मं निदान तिथंच होतं.

दुखणारं असेल तर बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा बॅक्टेरिया. अलेक्झांडर ऑग्स्टन नावाच्या स्कॉटिश सर्जनने 1880 मध्ये गळवांचा पू मायक्रोस्कोपखाली बघितला तर त्यात गोल जंतूंचे घोस, म्हणून ग्रीकमधला द्राक्षाच्या घडाचा शब्द घेऊन नाव दिलं. हा साधारण दर तीन माणसांत एकाच्या नाकात आरामात राहतो, काही त्रास देत नाही, पण रेझर, वॅक्सिंग, टाइट जीन्स, घाम, कशानेही कातडी जरा सोलली की नळीत घुसतो. आणि गंमत म्हणजे आपल्याकडे त्याच्या प्रत्येक करामतीला वेगळा शब्द आहे. पापणीच्या केसाला झालं तर रांजणवाडी, काखेत गळू झालं तर काखमांजरी, आणि मानेवर किंवा पाठीवर आजूबाजूच्या चारपाच नळ्या आतून एकमेकींना मिळून एकाच गाठीला अनेक तोंडं फुटली तर काळपुळी. काळपुळी दिसली की जुने डॉक्टर आधी शुगर चेक करायला पाठवायचे, आणि ते आजही तितकंच बरोबर आहे.

वरवरच्या पुळ्या बऱ्याचदा आपोआप जातात. कोमट पाण्यात कापड भिजवून 10-15 मिनिटं शेक, दिवसातून तीनचार वेळा, आणि त्या भागाचं शेव्हिंग काही दिवस बंद. कमी झालं नाही तर डॉक्टर म्युपिरोसिनसारखं मलम देतात, पसरलं असेल तर पोटातून अँटिबायोटिक. गळू पिकलं असेल तर चीर देऊन पू काढणं हाच खरा उपाय, आणि ते घरी सुईने करायचं नाही, नाकाच्या आणि वरच्या ओठाच्या आसपासचं तर अजिबात दाबायचं नाही कारण तिथल्या शिरांचा रस्ता थेट मेंदूच्या बाजूला जातो. गावाकडे चुना-गूळ लावतात, पण चुना कातडी भाजतो, मग केसतूड राहिलं बाजूला आणि जखम निस्तरत बसा. सारखं सारखं होत असेल तर पुवाचं कल्चर करतात, म्हणजे त्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखतात, नाकातला स्वॅब घेतात, कधी कधी नाकातच पाच दिवस मलम लावायला सांगतात, लोकांना हे विचित्र वाटतं पण जंतूचं घर तिथं आहे ना.

रिसॉर्टच्या गरम टबमध्ये बसून आल्यावर एकदोन दिवसांत स्विमसूटखालीच पुरळ उठलं तर तो वेगळा जंतू, स्यूडोमोनास, क्लोरीन कमी पडलेल्या कोमट पाण्यात वाढणारा. हे साधारण आठदहा दिवसांत आपोआप जातं. योगायोग बघा, वर सांगितलेलं म्युपिरोसिन ज्या बॅक्टेरियापासून मिळालं तो याच स्यूडोमोनास घराण्यातला! आणि दाढी केल्यावर गळ्याला येतात त्या पुळ्यांत कित्येकदा जंतूच नसतो, कापलेला कुरळा केस वळून परत कातडीत घुसलेला असतो, त्याला अँटिबायोटिक देऊन काय होणार.

आता माझी पाठ. ती खाजत होती, दुखत नव्हती. डॉक्टरांनी एक पुळी हलकीच खरवडून काचेच्या स्लाइडवर घेतली, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपमध्ये मलाही बघायला दिलं. गोल गोल यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, काहींना बाजूला छोटे कोंब फुटलेले. मॅलॅसेझिया, कोंड्यात सापडते तीच, सगळ्यांच्याच अंगावर असते आणि तेलावर जगते. मी जिमनंतर ओला टीशर्ट तासभर घालून फिरायचो, वर अंगाला तेल, तिची तर दिवाळीच. अशात नुसतं अँटिबायोटिक घेतलं तर तिला टक्कर देणारे बॅक्टेरिया मरतात आणि ती अजून फोफावते, आणि स्टेरॉइडने खाज दबते पण तिथली प्रतिकारशक्तीही दबते. 2018 मध्ये सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं केलंय, तरी मला ती बिस्किटाच्या पुड्यासारखी मिळाली.

मला किटोकोनाझोल या बुरशीच्या औषधाचा शाम्पू दिला, डोक्याला नाही, पाठीला, लावून पाचदहा मिनिटं ठेवायचा, सोबत बुरशीच्या गोळ्या, कारण नुसतं मलम नळीत खोलवर पोचत नाही.

एक राहिलं. काखमांजरी किंवा जांघेतलं गळू सहा महिन्यांत दोनतीनदा होत असेल, व्रण राहत असतील, आतून बोगद्यासारखं पू वाहत असेल तर ते साधं इन्फेक्शन नसूही शकतं, हिड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा नावाचा वेगळा आजार असतो, त्याचा अस्वच्छतेशी संबंध नाही आणि तो लागतही नाही. पण बायका-मुली लाजेपोटी वर्षानुवर्षं सांगत नाहीत, दरवेळी चीर मारून घरी येतात. त्याला आता वेगळी इंजेक्शनं आहेत, त्यामुळे स्किनच्या डॉक्टरकडे जाऊन आजाराचं नाव घेऊनच विचारायचं.

माझी पाठ तीन आठवड्यांत साफ झाली, खांद्यावर काळे डाग मात्र अजून आहेत आणि आई अजून म्हणते केस उपटला असशील.