पायाखाली नेमके किती फूट?

ग्रँड कॅन्यनच्या पश्चिम भागात, ॲरिझोनातल्या हुआलापाय जमातीच्या जमिनीवर, मार्च 2007 मध्ये काचेच्या तळाचा स्कायवॉक खुला झाला. घोड्याच्या नालेसारखा हा सज्जा कड्याबाहेर सुमारे 70 फूट आलेला आहे. गगनचुंबी इमारतींशी तुलना करत त्याच्याविषयी एक आकडा सतत सांगितला जातो: पायाखाली 4,000 फूट. तो चुकीचा आहे, आणि अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा नकाशा उघडला की ते कोणालाही पडताळता येतं.

नकाशावर स्कायवॉकच्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची 4,770 फूट आहे आणि कोलोरॅडो नदीच्या पात्राची 1,160. वजाबाकी येते 3,610 फूट, म्हणजे 1,100 मीटर. त्याचे 4,000 करायला जवळपास 400 फूट पदरचे घालावे लागतात! पण खरी गफलत याहून मोठी आहे. नदी सज्जाच्या खाली नाहीच. सज्जा आहे एका उपदरीच्या काठावर. तिथून ओळंबा सोडला तर तो 500 ते 800 फुटांवर, म्हणजे 152 ते 244 मीटरवर टेकेल. आयफेल टॉवर 330 मीटर उंच आहे. तो या सज्जाखाली मावणार नाही, मग गगनचुंबी इमारतींशी तुलना कशाला?

नदीपर्यंतची उंची आणि ओळंब्याची खोली यांतल्या फरकाचं कारण दरीच्या घडणीत आहे. इथली भिंत सरळसोट नाही. टणक चुनखडकाचे थर उभे कडे धरून राहतात, मऊ शेलचे (चिखल दाबला जाऊन बनलेल्या खडकाचे) थर झिजून त्यांचे उतार होतात. त्यामुळे ओळंबा पहिल्या कड्याच्या पायथ्याशीच थांबतो. उरलेली उंची उताराउताराने, आडवं अंतर कापत नदीपर्यंत उतरते.

हे स्वतः मोजताना आधी नकाशाच्या तळाशी समोच्च रेषांमधलं (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधलं) उंचीचं अंतर वाचावं. ते 40 फूट असेल, तर दर पाचवी रेषा गडद असल्यामुळे एका गडद रेषेपासून दुसरीपर्यंत 200 फूट होतात. कड्यावर रेषा एकमेकींवर चढतात, तिथे बारीक रेषा मोजत बसू नये, फक्त गडद मोजाव्यात. आणखी एक अडचण: 1:24,000 प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे 24 मीटर. सज्जाची बाहेर आलेली सगळी लांबी त्या एका मिलिमीटरात बसते. ओळंब्याचं टोक किंचित सरकलं तरी उत्तर शेकडो फुटांनी बदलू शकतं. म्हणून इथे एकच ठाम आकडा देण्यापेक्षा पल्ला देणं प्रामाणिकपणाचं.

संगणकावरच्या उंचीच्या नकाशांत हा दोष वाढतो. 30 मीटरच्या चौकटीला एकच उंची दिलेली असेल, तर उभा कडा उतारासारखा दिसतो. जीपीएसची उंची आणि नकाशाची उंची यांची एकमेकींतून वजाबाकी तर करूच नये: जीपीएस मुळात पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजतो, नकाशा समुद्रसपाटीपासून, आणि या दोन पातळ्यांत बऱ्याच ठिकाणी दहा-वीस मीटर किंवा त्याहूनही जास्त फरक असतो.