काष्ठभित्तिकला, रंगीत (ठाणे–नवी मुंबई)

लाकूड, प्लायवूड किंवा एमडीएफचे (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचे) तुकडे कापून, रंगवून आणि बहुधा एकावर एक बसवून भिंतीवर टांगण्यासाठी केलेली कलाकृती. चित्र आणि उत्थित शिल्प (सपाट पृष्ठातून उठून आलेले शिल्प) यांच्या सीमेवरचा हा प्रकार आहे. कोरीव काम प्रधान असेल तर त्यास काष्ठशिल्प म्हणावे, आणि लाकडाचा मूळ पोत मोकळा ठेवून नुसते पॉलिश केले असेल तर ते सुतारकामात धरावे, हे बरे. प्रस्तुत नोंदीत रंग हाच मुख्य घटक असलेल्या कामांचा विचार केला आहे. ‘काष्ठचित्र’ हा शब्द सुटसुटीत खरा, पण त्यातून थरांचा बोध होत नाही. बाजारात ‘वुडन वॉल आर्ट’ हेच नाव चालते.

उगमाविषयी एकवाक्यता नाही. महाराष्ट्रात लाकूड रंगवण्याची परंपरा म्हटली की प्रथम सावंतवाडीचे नाव येते, आणि ठाण्यातील रंगीत लाकूडकामाचा धागाही तिथे नेऊन जोडण्याकडे कल दिसतो. सावंतवाडीतील चितारी कारागिरांचे रंगकाम सतराव्या शतकाच्या अखेरीस की अठराव्या शतकात स्थिरावले, याबद्दल निश्चित विधान करणे अवघड आहे. सावंतवाडीचे संस्थानिक तिसरे खेमसावंत (कारकीर्द १७५५–१८०३) यांच्या काळात त्यास आश्रय मिळाला, असे सर्वसाधारणपणे मानतात. गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) तेलंगी पंडितांकडून दरबारात आली असे सांगतात. गोव्यातील कुंकळ्ळी येथेही चितारींचे लाखकाम आहे, त्यामुळे कारागीर कोठून कोठे गेले हा प्रश्न उरतोच. मात्र तंत्राकडे पाहिले तर ठाण्याशी नाते जोडणे कठीण होते. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्यासारख्या हलक्या सलग लाकडाची. लेथवर (कातकामाच्या यंत्रावर) फिरणाऱ्या वस्तूवर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून अंगाला बसते. सपाट फळीवर ही युक्ती चालत नाही. पाट, चौरंग यांवर कुंचल्याने रंगवून वर लाखेचा हात देतात, तो प्रकार जवळचा म्हणता येईल. पण त्यातही थर रचण्याची कल्पना नाही.

दुसरे मत आधुनिक कलेकडे बोट दाखवते. शिल्पकार जाँ आर्प यांची रंगीत लाकडी उत्थिते पहिल्या महायुद्धाच्या काळातील आहेत. अमेरिकन शिल्पकार लुईस नेव्हेल्सन (१८९९–१९८८) यांनी लाकडी भंगार खोक्यांत रचून सगळे एकाच रंगात बुडवले. भारतात जेराम पटेल (१९३०–२०१६) यांनी १९६० च्या दशकात प्लायवूड ब्लोटॉर्चने जाळून चित्रे केली. ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी होते. अहमदाबादचे पिराजी सागरा (१९३१–२०१४) यांच्या कामात रंगवलेले लाकूड, पत्रा आणि खिळे एकत्र येतात. या नावांचा दबदबा मोठा आहे. पण जळक्या, करड्या लाकडाची ही कुळी आणि दिवाणखान्यासाठी केलेली उजळ रंगांची फळी यांत अंतर पुष्कळ आहे.

तिसरी शक्यता कलाग्रंथांत क्वचितच येते, तरी तीच अधिक पटते: दारावरची नावाची पाटी आणि गणपतीचा मखर. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९७०) खाडीपलीकडे नवी घरे उभी राहत गेली आणि प्रत्येक दाराला पाटी लागली. पेंटरची एनॅमलने लिहिलेली पाटी मागे पडून कापीव अक्षरांची, दोन-तीन थरांची पाटी रूढ झाली. साधारण ९ बाय १२ इंचाची अशी एखादी पाटी हातात घेऊन आडवी पाहावी. तळाला १२ मिमीचा प्लाय, त्यावर ३ मिमी एमडीएफची वेलबुट्टी, सर्वांत वर आडनाव. भित्तिचित्राची रचना नेमकी हीच असते, फक्त आडनावाच्या जागी झाड किंवा पक्षी येतो. मखराचे कारागीर थर्माकोल कोरत. २३ मार्च २०१८ च्या राज्य शासनाच्या अधिसूचनेने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि प्लाय-एमडीएफच्या मखरांना जोर चढला. कारागिरांची भाषाही ‘कटिंग’, ‘लेअर’, ‘फिनिशिंग’ अशी मखराच्या कारखान्यातली आहे. चितारींचा एकही शब्द तीत आढळत नाही.

साहित्यात एमडीएफ स्वस्त आणि कापायला सोपा, म्हणून सर्वाधिक. लेझर आणि सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्राने तो लोण्यासारखा कापला जातो. हाताने करणारे जिगसॉ वापरतात. सलग लाकूड हवे असल्यास पाईनवूडच्या जुन्या पॅलेटच्या (जहाजी माल ठेवण्याच्या लाकडी चौकटींच्या) फळ्या घेतात. न्हावाशेवा बंदर (१९८९) जवळ असल्याने हा माल मिळणे अवघड जात नाही. फळीवरचा डागलेला शिक्का मात्र वाचून घ्यावा. ‘एचटी’ म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसवर किमान ३० मिनिटे तापवलेला. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेला, आणि तो घरात न आणणेच चांगले. काही जण हा शिक्का घासून न काढता चित्रात तसाच ठेवतात.

या कलेचा खरा प्रतिस्पर्धी पाऊस. ठाण्यात वर्षाला सुमारे २,५०० मिमी पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवेत दमटपणा भरून राहतो. लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ फुगत नाही. रुंदीत फुगते, तेही वार्षिक वलयांना समांतर दिशेत अरीय (गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या) दिशेच्या साधारण दुप्पट. त्यामुळे एकाच बाजूने रंगवलेली फळी उघड्या बाजूने ओल पिते आणि पन्हाळीसारखी वाकते. उपाय जुना आणि सोपा आहे: पाठीलाही तितकेच हात द्यावेत. एमडीएफची पृष्ठे टिकतात, कापलेल्या कडा दगा देतात; तिथे प्रायमर शोषला जातो, म्हणून पॉलिश पेपर मारून कडांना दोन-तीन हात द्यावे लागतात. कड एकदा फुगली की पुन्हा बसत नाही. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश देखणे खरे, पण दमट हवेत लावले तर पांढरट पडते; पावसाळ्यात काम करणारे पीयू (पॉलियुरेथेन) किंवा ॲक्रिलिक लॅकर पसंत करतात. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर मागे १० ते १२ मिमीच्या पट्ट्या ठोकून हवा खेळती ठेवतात.

विषयांत वारली आकृत्या सर्वाधिक: गेरूच्या रंगाची जमीन, वर पांढरे ॲक्रिलिक. मूळ चित्रे शेणामातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जातात. जुन्या ग्रंथांतील ‘ठाणे जिल्ह्यातील वारली कला’ हा उल्लेख अविभक्त जिल्ह्याचा समजावा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि डहाणू, तलासरी, जव्हार हा वारल्यांचा मुख्य मुलूख तिकडे गेला. अलीकडे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पुष्कळ दिसतो. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले व २०२२ मध्ये ते रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरले. चित्रातला पक्षी खाडीतल्यापेक्षा बराच गुलाबी असतो, ही तक्रार वेगळी. कारागिराला अडचण होते ती त्याच्या पायांची: सलग फळीत ४-५ मिमीचा पाय तंतूंना आडवा कापला गेला तर हाताळतानाच मोडतो. म्हणून पायांपुरता प्लाय घेतात, कारण त्यातले थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात.

विक्री बहुतांशी मागणीनुसार, भिंतीचे माप घेऊन होते. प्रदर्शनांसाठी बेलापूरचे अर्बन हाट आणि ठाण्यात कापूरबावडीचे कलाभवन या जागा आहेत. कामावर सही करण्याची पद्धत अजून पक्की झालेली नाही. असलीच तर ती मागच्या बाजूला, टांगण्याच्या कडीजवळ, पेन्सिलीने केलेली आढळते.